दगडी कोळशातील मिथेनचे अधिशोषण : दाब व तापमान यांचा परिणाम

प्रस्तावना

६ सप्टेंबर २००६ रोजी झारखंडमधील धनबादनजीकच्या भाटडीह कोळसा खाणीत मिथेनचा स्फोट होऊन ५० कामगार मृत्युमुखी पडले. हवेतील मिथेनचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असल्यास ते मिश्रण स्फोटक ठरते. खाणीत जीवघेणा ठरणारा हा वायू योग्य रीतीने बाहेर काढल्यास मौल्यवान इंधन होय. कोळशाच्या थरांतील मिथेनविषयीचे धोरण भारताने १९९७ साली स्वीकारले आणि पश्चिम बंगालमधील राणीगंज क्षेत्रात २००७ साली त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. सुरक्षितता आणि उत्पादन या दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कोळसा किती मिथेन धरून ठेवतो व तो केव्हा सोडतो? या प्रश्नाचे दाब व तापमान यांच्या अनुषंगाने विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अधिशोषणाचे स्वरूप

कोळशातील बहुतांश मिथेन मोकळ्या वायूच्या स्वरूपात नसतो. २ नॅनोमीटरहून लहान अशा असंख्य सूक्ष्मरंध्रांच्या पृष्ठभागावर त्याचे रेणू क्षीण भौतिक आकर्षणाने चिकटलेले असतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२.६ अंश सेल्सिअस असल्याने भूगर्भातील तापमानास केवळ दाबाने त्याचे द्रवीकरण होत नाही. तरीही कोळशाच्या रंध्रांत त्याचे रेणू दाटीने सामावतात, हे या प्रक्रियेचे वैशिष्ट्य होय.

दाबाचा परिणाम

तापमान स्थिर ठेवून दाब वाढविल्यास अधिशोषण प्रथम झपाट्याने व नंतर मंद गतीने वाढते. आयर्व्हिंग लँगम्यूर यांच्या समीकरणाने हा समतापी वक्र दर्शविता येतो :

अधिशोषित आकारमान = कमाल आकारमान × दाब ÷ (लँगम्यूर दाब + दाब)

ज्या दाबास कमाल क्षमतेच्या निम्मे अधिशोषण होते, तो लँगम्यूर दाब. उदाहरणादाखल एखाद्या कोळशाची कमाल क्षमता दर टनास २० घनमीटर व लँगम्यूर दाब २ मेगापास्कल मानू. दाब ४ वरून ३ मेगापास्कलवर आणल्यास दर टनामागे जेमतेम १.३ घनमीटर वायू मुक्त होतो; मात्र २ वरून १ वर आणल्यास ३.३ घनमीटर. म्हणूनच विहिरीतून दीर्घकाळ पाणी उपसून थरातील दाब पुरेसा खाली आणावा लागतो.

खाणीत हेच गणित उलट बाजूने लागू होते. ४ मेगापास्कल दाबाखालील कोळसा उघडा पडून दाब वातावरणाइतका झाला, की दर टनामागे कालांतराने १२ घनमीटरहून अधिक वायू सुटू शकतो. भारतीय खाणनियमांनुसार उत्पादित कोळशाच्या दर टनामागे १० घनमीटरपेक्षा जास्त ज्वलनशील वायू सुटत असल्यास तो थर तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या श्रेणीत मोडतो.

तापमानाचा परिणाम

अधिशोषण ही उष्मादायी प्रक्रिया आहे. त्यामुळे ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार तापमान वाढताच समतोल विशोषणाच्या दिशेने सरकतो. रेणूंची गतिज ऊर्जा वाढून पृष्ठभागाची पकड सैल होते, लँगम्यूर दाब वाढतो आणि त्याच दाबास कमी वायू धरला जातो.

कोळशापासून तयार केलेल्या सक्रियित कार्बनमध्ये इंधनवायू साठविताना याचा प्रत्यय येतो. सीएनजीसाठी सुमारे २० मेगापास्कल दाब लागतो, तर अधिशोषणाधारित साठवणीसाठी सुमारे ३.५ मेगापास्कल दाब प्रमाण मानला जातो. मात्र टाकी भरताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेने कार्बन तापतो व साठा घटतो. रिकामी करताना तो थंडावतो व काही वायू आतच अडकून राहतो.

खोलीवरील संयुक्त परिणाम

भूगर्भात हे दोन्ही घटक एकाच वेळी वाढतात. दर १०० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे १ मेगापास्कलने, तर तापमान सर्वसाधारणपणे २.५ ते ३ अंशांनी वाढते. कमी खोलीवर दाबाचा प्रभाव वरचढ ठरतो. अधिक खोलीवर समतापी वक्र सपाट झाल्याने दाबाचा लाभ ओसरतो, तापमानाचा विरोध मात्र कायम राहतो. परिणामी धारणक्षमता विशिष्ट खोलीपर्यंत वाढून नंतर घटू लागते. ‘जितके खोल, तितका अधिक वायू’ हे गृहीतक म्हणूनच सरसकट ग्राह्य धरता येत नाही.

निष्कर्ष

दाब मिथेनला कोळशात धरून ठेवतो, तापमान त्यास मुक्त करते. प्रत्यक्ष धारणक्षमता या दोहोंच्या समतोलावर ठरते. एकाच तापमानास, कोरड्या नमुन्यावर काढलेला समतापी वक्र सर्व खोलींना लावल्यास अनुमान फसण्याची शक्यता असते, कारण ओलावाही रंध्रांतील जागा व्यापून क्षमता घटवितो. थराच्या प्रत्यक्ष तापमानास व नैसर्गिक ओलाव्यासह केलेले मापन हाच वायुवीजनाच्या नियोजनाचा आणि उत्पादनाच्या अंदाजाचा विश्वासार्ह पाया होय. खाणीत उतरणाऱ्या कामगाराची सुरक्षितता काही अंशी प्रयोगशाळेतील या अचूकतेवर अवलंबून असते.