कृपा, विश्वास आणि सेवा : केडगावच्या मुक्तिसदनाची ईश्वरशास्त्रीय बैठक

ख्रिस्ती लोकोपकारी कार्याविषयी महाराष्ट्रात जी चर्चा झाली, ती बहुधा दोन टोकांवरून झाली. एका पक्षाने रुग्णालये, शाळा व अनाथगृहे यांची गणना करून कृतज्ञता व्यक्त केली. दुसऱ्याने या सर्वांमागे धर्मांतराचा हेतू पाहिला. या दोन्ही विवेचनांत एक मूलभूत प्रश्न बाजूला राहतो. ख्रिस्ती मनुष्य स्वतःच्या धर्मसिद्धांतांना अनुसरून दुर्बलांची सेवा का करतो? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्तिसदनाच्या इतिहासात ते उत्तर घडत जाताना दिसते, म्हणून येथे तोच आधार घेतला आहे.

प्रथम शास्त्राकडे वळणे इष्ट होय. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असे म्हटले आहे, आणि हे विधान राजापुरते किंवा पुरोहितापुरते मर्यादित नाही. त्यावरून मोशेच्या नियमशास्त्रात एक व्यावहारिक दंडक निघाला. शेताच्या कडेचे पीक कापू नये आणि गळून पडलेली कणसे उचलू नयेत; तो सरवा गरीब, परदेशी, विधवा व अनाथ यांच्यासाठी ठेवावा. सरवा ही मालकाच्या मर्जीवर सोडलेली भीक नव्हे, तो वेचणाऱ्याचा हक्क आहे. ख्रिस्ती दानधर्माच्या चर्चेत हा हक्काचा धागा पुष्कळदा निसटतो आणि केवळ दयेची भाषा उरते, ही खेदाची गोष्ट होय.

नव्या करारात हा विचार अधिक खोल जातो. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शास्त्री विचारतो की माझा शेजारी कोण. येशू दृष्टांत सांगून प्रश्नच उलटा करतो आणि जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला, असे विचारतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या चित्रात तर राजा स्वतःला भुकेल्यांशी, उघड्यांशी व बंदिवानांशी एकरूप करतो. या चित्रातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. ज्यांनी अन्न दिले त्यांना आपण राजाची सेवा केली याची जाणीवच नव्हती. ते आश्चर्याने विचारतात की हे आम्ही केव्हा केले? ज्याने फळाचा हिशेब ठेवून दान केले त्याला असे आश्चर्य वाटणे शक्य नाही.

येथूनच ख्रिस्ती ईश्वरशास्त्रातील जुना वाद सुरू होतो. पौलाच्या मते मनुष्याचे तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे. याकोबाच्या पत्रात मात्र कर्मांवाचून विश्वास निर्जीव ठरविला आहे. ल्यूथरने सोळाव्या शतकात पौलाची बाजू उचलून धरली. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कृपेचे अग्रत्व मान्य करूनही मनुष्याच्या सहकार्याला व सत्कर्मांना स्थान दिले. 1999 साली ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक संघ व रोमन कॅथोलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तेव्हा सत्कर्मे ही नीतिमान ठरण्याचे कारण नसून त्याचे फळ होत, एवढ्यावर दोन्ही पक्ष एकत्र आले. पुण्यसंचयाच्या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. दानाने जर काहीच मिळवायचे नाही, तर दान करावेच कशाला? ख्रिस्ती उत्तर असे, की जे आधीच फुकट मिळाले आहे त्याचाच तो ओघ होय. निष्काम कर्माच्या कल्पनेशी याचे साम्य आहे. तथापि येथे मूळ प्रेरणा फलत्यागाची नसून कृतज्ञतेची आहे, हा भेद विसरून चालणार नाही.

रमाबाईंच्या चरित्रात हा सिद्धांत उलट्या क्रमाने अवतरला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले गृह दाखविले. अशा स्त्रियांना समाजाने टाकून द्यावे हीच रीत ज्यांनी पाहिली होती, त्या रमाबाईंना त्यांची इतक्या ममतेने सेवा का केली जाते, हा प्रश्न पडला. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. म्हणजे कृती आधी दिसली आणि सिद्धांत तिच्या पाठोपाठ आला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांचे भगिनी जेराल्डीन यांच्याशी पुढे कडाक्याचे मतभेद झाले. त्या पत्रव्यवहारावरून ही विदुषी कोणतेही मत केवळ अधिकारावर स्वीकारणारी नव्हती हे स्पष्ट होते.

दुसरे वळण सुमारे आठ वर्षांनी, 1891 मध्ये आले. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लमच्या पुस्तकाच्या वाचनाने ही जाणीव तीव्र झाली. तोवर सेवा हा त्यांच्या दृष्टीने श्रेष्ठ धर्माचा पुरावा होता. यापुढे ती मिळालेल्या कृपेची परिणती झाली.

संस्थांच्या नावांतसुद्धा हा बदल उमटला आहे. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले व पुढील वर्षी पुण्यास आलेले ‘शारदासदन’ विद्येच्या देवतेचे नाव धारण करीत होते. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना, पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे, केडगावच्या शेतजमिनीवर हलवावे लागले व तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. तिच्या आवारात पुढे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीतिसदन’ आणि अंध स्त्रियांसाठी ‘बार्तमीसदन’ निघाले. विद्येकडून कृपेकडे झालेला हा प्रवास कोणत्याही प्रबंधाइतका बोलका आहे.

तरीही जो आक्षेप 1893 मध्ये घेतला गेला त्याला उत्तर देणे भाग आहे. शारदासदन अमेरिकन रमाबाई असोसिएशनच्या पैशावर, धार्मिक तटस्थतेच्या अटीवर चालत होते. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही, मात्र आपल्या खोलीचे दारही बंद करणार नाही. हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही. दुष्काळातून वाचलेल्या निराधार मुलीच्या बाबतीत अन्न देणाऱ्या हाताचा प्रभाव सक्तीविना देखील किती असतो, हे सांगावयास नको.

या प्रश्नाची कसोटी ख्रिस्ती शास्त्रातच आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानावयास एकच, तोही शोमरोनी, परत येतो. येशू उरलेल्या नऊ जणांविषयी विचारतो, परंतु त्यांचे आरोग्य काढून घेत नाही. कृपा खरोखर फुकट असेल तर तिची परतफेड मागता येत नाही, बाप्तिस्म्याच्या रूपानेही नाही. सोळावे बेनेडिक्ट यांनी 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात प्रेमकार्य हे धर्मप्रसाराचे साधन करू नये असे स्पष्ट म्हटले, ते याच तर्काला धरून. म्हणजे आमिषाविरुद्धचा सर्वांत कठोर युक्तिवाद हिंदू टीकाकारांच्या नव्हे, खुद्द पौलाच्या शिकवणीतून निघतो.

सेवेची ही एकच बैठक शक्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. शारदासदनाची विद्यार्थिनी गोदूबाई ही 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली आणि 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले. ते ख्रिस्ती सिद्धांतावर आधारलेले नव्हते. रमाबाईंच्या कार्याने त्याला प्रेरणा व आव्हान दोन्ही दिले असे म्हणता येईल.

केडगावी देवाच्या प्रतिरूपाची कल्पना रोजच्या कामातून प्रकट झाली. मुलींना केवळ अन्नवस्त्र देऊन आश्रित ठेवले गेले नाही. शेती, विणकाम व छपाई त्यांनी शिकली, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले सोप्या मराठीतील बायबल त्यांच्याच छापखान्यात छापले गेले. भाषांतराचे काम संपवून रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. त्यांच्या आदल्या वर्षी मनोरमाबाई गेल्या होत्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम या कन्येनेच केडगावात सुरू केले होते.