अब्बांचा रेडिओ आणि बिघडलेली हवा

आमच्या कोकणातल्या घरी रात्री अब्बा रेडिओ सिलोन लावत. स्टेशन लागलं की आम्हा मुलांना हलायचीही बंदी. पण एखाद्या रात्री काटा जागेवर असूनही नुसती खरखर येई. अब्बा रेडिओला चापट मारून म्हणत, "आज हवा बिघडलीय." मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कवी माणूस. अब्बा किती बरोबर बोलत होते, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

ही हवा बिघडते ती फार उंचावर. साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्यकिरणांनी हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा भारित थर म्हणजे आयनांबर. लघुलहरी त्याच्यावरून परत खाली वळतात, म्हणून तर सिलोन आमच्या ओटीवर येई. सूर्याने फेकलेला तप्त वायू आपलं चुंबकीय क्षेत्र घेऊन पृथ्वीवर आदळला, की भूचुंबकीय वादळ होतं आणि हा थर ढवळून निघतो.

याचं गणित आता संगणक करतो. अमेरिकेत बोल्डर इथल्या वातावरण संशोधन केंद्राचं 'टाय-जीसीएम' हे असंच एक प्रारूप. पृथ्वीभोवतालच्या विरळ हवेचे त्यात चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनातलं तापमान, वारा आणि इलेक्ट्रॉन यांचा हिशेब क्षणाक्षणाने पुढे सरकतो.

अडचण अशी, की एकाच वादळात कुठे इलेक्ट्रॉन वाढतात, तर कुठे घटतात. ध्रुवांकडे हवा तापून फुगते, खालचा नायट्रोजन वर येतो आणि इलेक्ट्रॉन झपाट्याने नाहीसे होतात. विषुववृत्ताकडे मात्र विद्युतक्षेत्र काही मिनिटांत पोचतं आणि दिवसा थराला वर उचलतं. तिथे इलेक्ट्रॉन अधिक टिकतात. काही तासांनी वादळी वारे उलट क्षेत्र निर्माण करतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे उचललेले इलेक्ट्रॉन पार गुजरात-मध्य प्रदेशावर येऊन साचतात. म्हणजे विद्युतक्षेत्राचा अंदाज जरासा चुकला, तर आपल्या डोक्यावरचा हिशेब बराच चुकतो. जीपीएसचे संदेश याच थरातून येताना रेंगाळतात. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या 'गगन'ला ही चूक सतत दुरुस्त करावी लागते.

प्रारूप पारखायला जुनी वादळं लागतात. १८५९च्या सप्टेंबरातलं प्रचंड वादळ आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलं गेलं. चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. कुणीतरी जागेवरून न उठता आकडे वाचून वहीत लिहिले. संशोधक अजून ती पानं उघडतात. त्या अनाम कारकुनाला माझा सलाम.

पण पुढचं वादळ? येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर तडाखा मोठा. ती दिशा खात्रीने कळते ती १५ लाख किलोमीटरवरच्या यानांना. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४पासून तिथेच आहे. तिथून वादळ इथे पोचायला तासभर, कधी त्याहून कमी. संगणकाच्या हाती तेवढाच वेळ.

मे २०२४मध्ये मोठं वादळ आलं, लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं. त्या रात्री मी माळ्यावरून अब्बांचा रेडिओ काढला. खरखर होती. चापट मात्र मारली नाही.