अ‍ॅपवर १६५० रेटिंग आहे, मग फिडे रेटेड स्पर्धेत उतरायचं का?

जुळे सोलापुरात राहणारा माझा मावसभाऊ दीड वर्षापासून फोनवर बुद्धिबळ खेळतोय. परवा त्याने स्क्रीनशॉट पाठवला. रॅपिड रेटिंग १६५०. खाली मेसेज: "दादा, पुण्यात फिडे रेटेड ओपन आहे. ग्रँडमास्टर पण येणार आहेत. फी भरू, की सहा महिने थांबू? सगळेच डाव हरलो तर?"

असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, तर आधी रेटिंगचं गणित समजून घ्या.

ते १६५० तिथे चालत नाही

चेस डॉट कॉम ग्लिको पद्धत वापरतं, लीचेस ग्लिको-२ आणि फिडे एलो. तिन्हींमागचा विचार साधारण एकच आहे: तुम्ही कोणाला हरवलं, कोणाशी हरलात, त्यावरून आकडा ठरतो. पण हा आकडा म्हणजे उंची नाही, वर्गातला नंबर आहे. तुकडी बदलली की नंबर बदलतो.

शिवाय वेळेचा फरक आहे. अ‍ॅपवर १० मिनिटांच्या डावाला 'रॅपिड' म्हणतात. फिडेच्या नियमात १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळेचा डाव ब्लिट्झ असतो. क्लासिकल स्पर्धेत बऱ्याचदा ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा मिळतात. म्हणजे एकच डाव तीन-चार तास चालू शकतो.

सगळे हरलो तर?

ओपन स्पर्धा बहुतेक वेळा स्विस पद्धतीने होतात. हरलं की घरी, असं इथे नसतं. सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. पहिल्या फेरीत रेटिंगप्रमाणे यादी लावून तिचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. रेटिंग नसलेले यादीत तळाला, त्यामुळे पहिला प्रतिस्पर्धी तगडा मिळणार. पण पुढे साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. दोन डाव हरलात तर समोर तुमच्यासारखाच कोणीतरी बसलेला असतो.

पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान ५ डाव व्हावे लागतात. मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४०० आहे. त्याच्या खाली आलात तर तुम्ही 'अनरेटेड'च राहता. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. पहिलं रेटिंग काढताना १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली, असं धरतात.

समजा, तुमच्या पाच प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १६०० आहे. पाच डावांत दीड गुण मिळाला, तर रेटिंग साधारण १५५५ येतं. चार हरलात आणि एकच बरोबरी केलीत, तरी साधारण १४२७. आणि पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण मिळाले तर ते डाव हिशेबात धरतच नाहीत. थोडक्यात, नवीन खेळाडूला रेटिंगच्या बाजूने गमवायला काहीच नसतं.

पुढेही गणित नवख्याच्या बाजूनेच आहे. तुमच्यापेक्षा २०० गुणांनी वरच्या खेळाडूला हरवलंत तर सुमारे ३० गुण वाढतात, हरलात तर जेमतेम १० जातात.

खरा धोका फोनच्या सवयींचा

अ‍ॅप चुकीची चाल खेळूच देत नाही. पटावर मात्र चुकीची चाल करून घड्याळ दाबलंत, तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा मिळतात. दुसऱ्यांदा तेच केलंत तर डाव गेला. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची. प्रत्येक चाल कागदावर लिहायची. घड्याळ स्वतः दाबायचं. आणि पंचांच्या परवानगीशिवाय फोन जवळ सापडला, तर तो वाजला नाही तरी डाव हरता.

मग कधी उतरायचं?

लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पटावर, घड्याळ लावून, चाली लिहून दहा मोठे डाव खेळून झाले असतील तर उतरा. आधी ऑल इंडिया चेस फेडरेशनची नोंदणी करा. चेस-रिझल्ट्स साईटवर स्पर्धेची यादी असेल तर बघा. ठरावीक रेटिंगच्या खालच्या खेळाडूंचा वेगळा गट असेल, तर पहिल्यांदा तोच बरा. सगळीकडेच ग्रँडमास्टर आणि तयारीची मुलं दिसली, तर फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च करण्याआधी सोलापुरातलीच एखादी छोटी स्पर्धा खेळून घ्या.

आणि यादीतला क्रमांक बघून घाबरू नका. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला झालेल्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखला १५ वं मानांकन होतं. तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती विजेती झाली आणि थेट ग्रँडमास्टरही. रेटिंग सरासरी सांगतं, आजचा डाव नाही.

मावसभावाने फी भरली. सध्या रोज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून काकांबरोबर पट मांडतो. काकांनी त्याला दोनदा हरवलंय, एकदा घड्याळ दाबायला विसरला म्हणून.