सफरचंद तळले की शिजले?

सफरचंद आपण धुतो, चिरतो आणि खातो. फार तर आजारी माणसाला उकडून देतो. पण सफरचंद तळायचे? अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आणि ॲपलेशियन डोंगराळ भागात मात्र हा घरोघरी होणारा साधा पदार्थ आहे. फोडी लोण्यावर नाहीतर डुकराच्या चरबीवर परतायच्या, साखर व दालचिनीची पूड घालायची आणि न्याहारीला घ्यायच्या. व्हर्जिनियात राहणारी माझी भाची सुटीत आली होती. तिने हे वर्णन केले आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मामाला वाटले, त्यात काय मोठेसे!

मी चार सफरचंदे चिरली, अर्धा किलो फोडी एकदम कढईत लोटल्या आणि वर साखरही घातली. दहा मिनिटांनी कढईत उरला तो फिकट, पाणचट लगदा. भाचीने चमचाभर चाखला आणि म्हणाली, "मामा, हे तळलेलं नाही, शिजलेलं आहे." तिचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर होते.

असे का झाले? सफरचंदात वजनाने सुमारे ८५ टक्के पाणी असते. म्हणजे माझ्या कढईत जवळजवळ सव्वाचारशे ग्रॅम पाणी होते! पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि ते आटेपर्यंत तापमान त्याच्या फारसे वर जात नाही. शिवाय उकळते पाणी वाफ होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी उष्णता घेते. हाच तुम्ही पुस्तकात शिकलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा. समजा, शेगडीपासून कढईला दर सेकंदाला २५० कॅलरी मिळतात. तेवढ्या उष्णतेने सेकंदाला अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी उडत नाही. फोडींतून १०० ग्रॅम रस सुटला, तर तो आटायला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागणार. तोवर फोडी त्या रसातच उकळत राहतात. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि फोडी ढासळतात. आधी घातलेल्या साखरेने परासरणामुळे आणखी रस बाहेर ओढला, ही माझी दुसरी चूक.

आपल्याला हवा असतो तो खमंग तपकिरी रंग. सफरचंदात फ्रुक्टोज ही साखर बरीच असते आणि तिचे कॅरॅमल होण्यास ११० अंशांच्या आसपास प्रारंभ होतो. लोण्यातील दुधाची प्रथिने आणि साखर यांचीही एक अभिक्रिया होते. १९१२ मध्ये लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. दोन्हींसाठी फोडीचा पृष्ठभाग आधी कोरडा व्हायला हवा. (चिरून ठेवलेले सफरचंद काळपट पडते, ते मात्र निराळे. ते काम एन्झाइम आणि हवेतील ऑक्सिजन यांचे. तिथे शेगडी लागत नाही.)

माझी तिसरी चूक फळाची. मी लाल डिलिशस आणले होते. हे वाणही मूळचे अमेरिकेचेच. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास ते हिमाचलातील कोटगढ भागात लावले. खायला गोड, पण शिजताच मऊ पडणारे. हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ आकार चांगला टिकवते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तयारी केली. या वेळी पसरट तवा घेतला. फोडी बोटभर जाड कापल्या आणि स्वच्छ फडक्याने टिपल्या. हे टिपणे विसरू नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. तापलेल्या तुपात थेंब पडला तर तूप अंगावर उडते. म्हणून घरातील मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. लोण्यातही पाणी असते, त्यामुळे ते आधी फसफसते. फेस बसेपर्यंत थांबलो आणि फोडी एकेक करून, एकमेकींना न चिकटतील अशा मांडल्या.

चर्र! हा आवाज म्हणजे बाहेर पडणारी वाफ. तो मंदावला की खालची बाजू सुकत आली असे समजावे आणि कालथ्याने फोड उलटावी. याच वेळी एक गंमत दिसते. पांढरी फोड हळूहळू काचेसारखी अर्धपारदर्शक होते. कच्च्या सफरचंदात पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि गर पांढरा दिसतो. (सफरचंद पाण्यावर तरंगते तेही या हवेमुळेच.) तापल्यावर हवा निघून जाते, तिथे रस शिरतो आणि प्रकाश आरपार जाऊ लागतो.

साखर आणि दालचिनी शेवटच्या मिनिटाला घातली. पहिला घाणा बदामी रंगाचा निघाला. भाचीने न बोलता बशी पुढे केली. तिसऱ्या घाण्याला मला घाई झाली आणि मी चार फोडी जास्तच टाकल्या. चर्र आवाज लगेच बसला, तव्यावर बुडबुडे दिसू लागले आणि स्वयंपाकघराच्या दारातून विचारणा झाली, "मामा, परत शिजवतोयस का?"