बोटीवरची टोळी

खुटबावच्या आमच्या दादाने ऊस तुटून गेल्यावर सगळ्या घराला मुंबई-गोवा बोटीवर न्यायचं ठरवलं. मला सहलीपेक्षा तिकीट काढून देणाऱ्याचं एक वाक्य जास्त लागलं: "सकाळी जुने पाहुणे उतरतात, संध्याकाळी नवे चढतात. मधल्या वेळात बोट पुन्हा नवीकोरी." शेकडो खोल्या आणि हातात एक दुपार. हे काम करतं कोण, ते बघायला मी त्यांच्याबरोबर निघालो.

खुटबाव स्टेशनवरून डेमूने पुणे, तिथून मुंबई. बंदरात सामानाची तपासणी, ओळखपत्र, खोलीचं कार्ड. दुपार टळता टळता आम्ही खोलीत होतो. आत ब्लीचचा आणि गरम इस्त्रीचा मिसळलेला वास होता. चादरीवर हात ठेवला तर ती अजून कोमट. आमच्याआधीचं कुटुंब त्याच पलंगावरून त्याच सकाळी उठलं होतं, पण त्याची एकही खूण मागे नव्हती.

मुंबईहून गोव्याला बोटीने जाण्यात नवं काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सुटायची तेव्हा माणसं वळकटी पसरून डेकवरच झोपत. 2018 मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली आणि या वाटेवर थंडगार खोल्या, पोहण्याचा तलाव असा थाट आला. त्या थाटाबरोबर पलंग घालून देणारा माणूसही आला.

आमचा माणूस म्हणजे पंचविशीतला, केप्याकडचा एक गोंयकार मुलगा. वहिनींना त्याने "मॅडम" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मावशी म्हण रे."

तासाभराने तोच केशरी जाकीट घालून आमच्यापुढे उभा. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले, की कुठे जमायचं ते तो दाखवत होता. निम्मे लोक सेल्फी काढत होते. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या कित्येकांची ही कवायत झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती 24 तासांत उरकली तरी चालायची. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. म्हणजे खोल्या तयार करण्याच्या सगळ्यात घाईच्या दिवशीच हेही काम पुन्हा त्याच हातांवर.

बोट हलली. खांदेरीच्या बाजूला अंधार पडला. जेवण, नाचगाणी, पोरांचे खेळ, सगळं जाहिरातीत असतं तसंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जेवून खोलीवर आलो तर पलंग पुन्हा आवरलेला आणि उशीवर टॉवेलचा हत्ती. पोरं हरखली. मी बाहेर डोकावलो. तो पाच खोल्या पुढे, गाडा ढकलत होता. एका दारातून तो आत गेला तेव्हा पलीकडचं क्षणभर दिसलं. गालिचा उंबऱ्यापाशी संपत होता आणि पुढे रंग दिलेलं लोखंड सुरू होत होतं. पुन्हा तोच वास आला, ब्लीचचा आणि इस्त्रीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी त्याला गाठलंच. "घरी कवा जातोस?"

"करार संपला की. सात महिन्यांचा आहे."

"आन् आठवड्याची सुट्टी?"

"पूर्ण दिवसाची नसते, मावशी. तास असतात. आठवड्याला 77 तास विश्रांती द्यावीच लागते, कायदा आहे."

तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. नियम पाळतात, नोंद होते, पगार वेळेवर येतो, हेही त्यानेच सांगितलं. 77 हा आकडा खरा आहे. सागरी कामगारांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात तो आहे आणि भारतानेही त्या करारावर 2015 मध्ये शिक्कामोर्तब केलं. रोजची 10 तास विश्रांती दोन तुकड्यांत दिली तरी चालते, फक्त एक तुकडा सलग 6 तासांचा हवा.

दादाने न्याहारीच्या टेबलावरच हिशेब मांडला. आठवड्याचे 168, त्यातून 77 गेले, उरले 91. "म्हंजे दिवसाला तेरा तास राबवलं तरी कायद्यात बसतं," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे आपल्याकडची टोळीच की." दौंड तालुक्यात दरसाल मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, हंगामभर फडात राबतात आणि पट्टा पडला की गावी जातात. वहिनींनी त्यांच्या पाचटाच्या कोप्या जन्मभर पाहिल्यात. इथे उचल नाही, कोयता नाही, डोक्यावर छप्पर आहे. पण हंगाम संपेपर्यंत घर नाही, ही गोष्ट सारखीच.

बोट मुरगावला लागली. सगळे गोवा बघायला उतरले. त्याला दोन तास मोकळे होते. केप्याला जाऊन यायला तीन तास लागतात. तो झोपला.

बोटीची सहल वाईट, असं मी म्हणणार नाही. दादाच्या घराने ती कष्टाच्या पैशाने केली आणि मजेत केली. पण 77 हा किमान आकडा आहे, पुरेसा नाही, एवढं या दोन दिवसांत मला पटलं. तुम्ही जाल तेव्हा खोली दिवसातून एकदाच आवरली तरी पुरे, असं सांगून ठेवा. आणि उतरताना अभिप्रायाचा कागद कोरा टाकू नका. खोली आवरणाऱ्याचं नाव त्यावर लिहा. पुढचा करार मिळवताना त्याचा उपयोग होतो, असं तो मुलगा म्हणाला.