विश्लेषण : स्पुटनिकच्या काळात अमेरिकी हायस्कूलमध्ये साहित्य-इतिहासाचे काय झाले?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेत ‘आपल्या शाळा मागे पडल्या’ अशी ओरड सुरू झाली. गणित-विज्ञानासाठी सरकारी तिजोरी उघडली. पण त्याच शाळांत साहित्य, इतिहास आणि भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची स्थिती काय होती?

तेव्हाचे हायस्कूल कसे होते?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी. आपल्याकडे अकरावीला कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखा निवडाव्या लागतात. तिथे एकाच इमारतीत कॉलेजला जाणारी, टायपिंग शिकणारी आणि मोटार दुरुस्ती शिकणारी मुले एकत्र असत. त्यामुळे इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास हे विषय बहुतेक सर्वांच्या वाट्याला येत. शेक्सपिअरची ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मॅकबेथ’ ही नाटके, जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी, हे ठरलेले वाचन होते.

१९०० च्या सुमारास शंभरातील जेमतेम सहा-सात मुले हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. साहजिकच अभ्यासक्रम बदलला. १९१० मध्ये सरकारी हायस्कूलमधील जवळपास निम्मे विद्यार्थी लॅटिन शिकत. १९४९ मध्ये हा आकडा आठ टक्क्यांच्याही खाली आला.

वाद कशावरून होता?

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जीवनाशी जुळवून घेण्याचे शिक्षण’ ही कल्पना जोरात होती. बहुसंख्य मुले कॉलेजला जाणारच नाहीत, तर त्यांना घर, नोकरी, आरोग्य यांचे व्यावहारिक धडे द्यावेत, असे तिचे म्हणणे. इतिहासाचे प्राध्यापक आर्थर बेस्टर यांनी १९५३ मध्ये ‘एज्युकेशनल वेस्टलँड्स’ या पुस्तकातून त्यावर कडाडून टीका केली. त्यांचा मुद्दा असा की, विचार करण्याची शिस्त देणारे विषय मूठभरांसाठी राखून ठेवणे लोकशाहीला शोभत नाही.

शिक्षकांवर कोणते ओझे होते?

पहिले ओझे वह्यांचे. दिवसाला पाच वर्ग आणि प्रत्येकात ३० विद्यार्थी धरले, तर एका निबंधाच्या १५० वह्या होतात. प्रत्येकीला दहा मिनिटे दिली, तरी २५ तास लागतात. म्हणून हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ च्या आपल्या अहवालात शिफारस केली की, इंग्रजीच्या शिक्षकाकडे शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि इंग्रजीचा निम्मा वेळ लेखनाला द्यावा.

दुसरे ओझे संशयाचे. शीतयुद्धाच्या काळात अनेक राज्यांत शिक्षकांकडून निष्ठेची शपथ घेतली जाई. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून न्यूयॉर्क शहरात शेकडो शिक्षकांना नोकरी सोडावी लागली. पुस्तक निवडणेही धोक्याचे होते. १९६० मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथे एका शिक्षकाने अकरावीच्या वर्गाला ‘द कॅचर इन द राय’ ही कादंबरी वाचायला दिली म्हणून नोकरी गेली. अपिलानंतर नोकरी परत मिळाली. पुस्तक मात्र शाळेत परतले नाही.

कृष्णवर्णीय शिक्षकांचे काय?

वॉशिंग्टनमधील डनबार हायस्कूल हे कृष्णवर्णीयांचे नावाजलेले विद्यालय होते. विद्यापीठांची दारे वर्णभेदामुळे बंद असल्याने उच्चशिक्षित, काही तर डॉक्टरेट मिळवलेले शिक्षक तिथे शिकवत. इतिहासकार कार्टर वुडसन हे त्यांपैकी एक. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन’ खटल्यात शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकाल ऐतिहासिक होता, पण दक्षिणेत एकत्रीकरण करताना बंद झाल्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

सरकारी पैसा कुठे गेला?

१९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने चार वर्षांसाठी सुमारे एक अब्ज डॉलरची तरतूद केली. शाळांमधला भर गणित, विज्ञान आणि परकीय भाषांवर होता. विद्यापीठांत ज्या भाषांना प्राधान्य मिळाले, त्यांत रशियन, चिनी यांच्याबरोबर हिंदी-उर्दूही होती. इंग्रजी आणि इतिहास मात्र यादीबाहेर राहिले. भाषा ‘संरक्षणाच्या’ कामाची, साहित्य नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९६१ मध्ये अहवाल काढून या तर्काला त्याच भाषेत उत्तर दिले: इंग्रजीचे अध्यापन हाही राष्ट्रहिताचा प्रश्न आहे. १९६४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन इंग्रजी, इतिहास, भूगोल यांचा समावेश झाला. १९६५ मध्ये मानव्यविद्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधीही स्थापन झाला.

यातून काय दिसते?

निधी मिळवण्यासाठी साहित्याच्या शिक्षकांनाही ‘राष्ट्राला उपयोग’ हीच भाषा वापरावी लागली. ती वापरल्याने पैसा आला, हे खरे. पण संशयाच्या त्या वर्षांत हेच शिक्षक मुलांना प्रश्न विचारायला शिकवत होते, आणि त्यासाठी काहींनी नोकरीची किंमत मोजली. तो उपयोग कुठल्याही कायद्याच्या यादीत बसणारा नव्हता.