वारशाच्या चांदीची पारख

जबलपूरचा प्रदेश इ.स. १७८१ मध्ये मराठ्यांच्या अमलाखाली आला व १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. सत्ता गेली, तरी मराठी कुटुंबे येथे राहिली. मदन महल भागातील अशा एखाद्या घराच्या फडताळात तुपाची तामली, आमटीची पळी अशी वडिलोपार्जित पांढरी भांडी असू शकतात. ती चांदीची आहेत, हे कसे ओळखावे?

प्रथम भांड्याचे बूड व दांडा भिंगातून पाहावा. ‘९२५’ हा अंक हजार भागांत ९२५ भाग चांदी असल्याचे सांगतो. ‘ई.पी.एन.एस.’ ही इंग्रजी अक्षरे केवळ मुलामा दर्शवितात. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल व जस्त असते. चांदी मुळीच नसते. जुन्या देशी भांड्यांवर मात्र पुष्कळदा छाप नसतो. अशा वेळी भरीव पळी काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवावी. २१० ग्रॅम वजनाची पळी चांदीची असल्यास सुमारे २० मिलिलिटर पाणी सांडते. जर्मन सिल्व्हरची असल्यास सुमारे २४. अंतिम निर्णय अर्थातच सराफाच्या कसाचा.

ही झाली धातूची पारख. घराण्याची ओळख भांड्यावर कोरलेले नाव, मोडी अक्षरे किंवा शक यांतून पटते. शकात ७८ मिळविल्यास सामान्यतः इसवी सन येतो. शके १८३२ म्हणजे इ.स. १९१०. म्हणून काळवंडलेले भांडे वारंवार घासू नये, अक्षरे झिजतात. भांडे मोडीत काढल्यास वजनाची किंमत मिळते. त्यावरील नाव मात्र मुशीत विरघळून जाते.